बिडे सीटसाठी बाथरूममध्ये सॉकेट: काम सुरू करण्याआधी आणि वायरमन समोर असताना

आईचा उजवा खांदा धरला. जेट स्प्रेपर्यंत हात पोचेना, पोचला तर मागे वळेना. बोलायला संकोच वाटावा अशी ही अडचण, त्यामुळे तिने ती दोन महिने कुणाला सांगितलीच नाही. कळल्यावर आम्ही इलेक्ट्रिक बिडे सीट आणली: कमोडवरची जुनी सीट काढून बसवायची, बटण दाबलं की कोमट पाणी येतं, मग गरम वारा. प्लंबरने ती पाऊण तासात बसवली. सॉकेटला मात्र आठ दिवस लागले, कारण आलेला पहिला वायरमन म्हणाला, "गिझरच्या पॉइंटवरून काढून देतो काका, अर्ध्या तासाचं काम आहे." मी त्याला नम्रपणे परत पाठवलं.

इलेक्ट्रिकल मेन्टेनन्समध्ये बरीच वर्षं काढल्यामुळे मला ते नको म्हणता आलं. ज्यांना या कामाची ओळख नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. हे वाचून स्वतः छिन्नी-हातोडी आणि टेस्टर घेऊन बसू नका. दिवे, पंखे, स्विच, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं, असा कायदा आहे, आणि बाथरूमच्या बाबतीत तो अगदी योग्य आहे. पण वायरमनला काय सांगायचं, कशाला नाही म्हणायचं आणि शेवटी काय तपासून पैसे द्यायचे, हे घरच्या माणसाला कळायलाच हवं.

सीट घेण्याआधी तिच्या मागची पट्टी वाचा

प्रत्येक सीटवर व्होल्ट आणि वॅट छापलेले असतात. आपल्याला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर चालणारी सीट हवी. हे मुद्दाम सांगतो, कारण बऱ्याच घरांत अशी सीट अमेरिकेहून मुलगा किंवा बहीण भेट म्हणून पाठवते. तिथली सीट १२० व्होल्टची, जपानमधली १०० व्होल्टची. १२० व्होल्टचा हीटर २३० वर लावला तर तो साडेतीन पटींहून जास्त वीज खेचतो आणि जळतो. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येईल, पण ओल्या बाथरूममध्ये आणखी एक विजेचा डबा ठेवायचा, हे मला मान्य नाही. इथली सीट इथेच घ्या.

आता वॅट. टाकीत पाणी गरम करून ठेवणाऱ्या सीट साधारण ३०० ते ६०० वॅटच्या असतात. वाहतं पाणी त्या क्षणी गरम करणाऱ्या सीट १४०० वॅटपर्यंत जातात. १४०० ला २३० ने भागलं की सहा अँपिअरच्या जरा वर आकडा येतो. म्हणजे पंख्या-चार्जरचं ६ अँपिअरचं छोटं सॉकेट इथे चालणार नाही. आज टाकीवाली सीट असली तरी पुढे बदलू शकते, म्हणून सॉकेट १६ अँपिअरचंच करा.

तिसरी गोष्ट प्लग. काही सीटना युरोपीय पद्धतीचा दोन गोल पिनांचा प्लग असतो. तो आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये ढिला का होईना, पण जातो आणि सीट चालू होते. अडचण ही, की त्या प्लगचं अर्थिंग, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत नेणारा जोड, त्याच्या बाजूच्या पट्ट्यांमधून येतं आणि आपल्या सॉकेटमध्ये त्या पट्ट्यांना टेकायला काहीच नसतं. सीट चालते, पण अर्थिंगशिवाय. काही सीटना अर्थसाठी वेगळी हिरवी वायर दिलेली असते आणि ती लोंबकळत ठेवली जाते. दोन्ही ठिकाणी विक्रेत्याला विचारा: भारतीय तीन पिनांचा १६ अँपिअर प्लग लावून मिळेल का, आणि तसं केल्यावर वॉरंटी राहील का? उत्तर लेखी घ्या.

आणि वायरीची लांबी मोजा. बहुतेक वेळा ती मीटरभरच असते. ती कोणत्या बाजूने बाहेर येते तेही पाहा, कारण सॉकेटची भिंत त्यावरूनच ठरते. एक्स्टेन्शन बोर्ड बाथरूममध्ये, एका दिवसासाठीसुद्धा, नको.

'एमसीबी आहे की!'

शॉकचा विषय काढला की हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलं आहे. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हा भाग ठेवा.

एमसीबी, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह गेला की आपोआप पडून लाईन तोडणारा स्विच, वायरला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपर्यंत शांत बसतो. ओल्या अंगाच्या माणसाचा अवरोध साधारण हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला त्याच्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. हृदयाची लय बिघडायला याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. आणि एमसीबीच्या दृष्टीने हे २३० मिलिअँपिअर म्हणजे एक लहानसा दिवा लागल्यासारखं आहे. तो पडणार नाही.

माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं आहे, ते म्हणजे आरसीसीबी. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, किती प्रवाह गेला आणि न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, किती परत आला, याची तुलना ते सतत करत असतं. दोन्ही सारखे असले तर ठीक. फरक पडला, म्हणजे काही प्रवाह दुसरीकडून, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, जमिनीत जातो आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढ्या फरकाला सेकंदाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात लाईन तोडतो, आणि मोठ्या फरकाला त्याहून कितीतरी लवकर.

तुमच्या डीबीचं, म्हणजे घरातले एमसीबी ज्यात असतात त्या डब्याचं, झाकण उघडा. 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असलेला रुंद स्विच दिसतो का? दिसला तर त्यावरचा आकडा वाचा. ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर, लिहिलेलं असलं तर उत्तम. १०० किंवा ३०० असलं तर ते आगीपासूनच्या संरक्षणासाठी आहे, बाथरूममधल्या माणसासाठी पुरेसं नाही. जुन्या इमारतींत हे बटण अजिबात नसतं, आणि पोर्सेलिनचे किटकॅट फ्यूज असतील तर ते असण्याचा प्रश्नच नाही.

माझा आग्रह असा: सीटच्या लाईनला स्वतंत्र आरसीबीओ बसवा. हा एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असलेला प्रकार. १६ अँपिअर, ३० मिलिअँपिअर, दोन्ही पोल तोडणारा, आणि 'टाईप ए'. टाईप एसी थोडा स्वस्त मिळतो, पण तो फक्त शुद्ध एसी गळती ओळखतो. बिडे सीटमध्ये हीटर इलेक्ट्रॉनिक्सने चालतो, तिथली गळती वेडीवाकडी असू शकते. टाईप ए तीही ओळखतो. स्वतंत्र लाईनचा दुसरा फायदा असा, की घराला एकच आरसीसीबी असला तर गिझरच्या क्षार धरलेल्या एलिमेंटची गळती, कॉम्प्युटरची थोडी, वॉशिंग मशिनची थोडी, अशी सगळी बेरीज होते. ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कुठेही पडू शकतो. मग तो विनाकारण पडायला लागतो आणि कुणीतरी वैतागून त्याला बायपास करून टाकतं. असे बायपास मी कितीतरी घरांत पाहिले आहेत.

डीबीमध्ये जागा नसेल तर शेजारी छोटा वेगळा डबा बसतो. जागा नाही, हे कारण ऐकून घेऊ नका.

अर्थिंग खरंच आहे का?

सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं नाही. जुन्या फ्लॅटमध्ये ते भोक मागून रिकामं असलेलं मी पाहिलं आहे, आणि त्याहून घातक म्हणजे बोर्डातच अर्थ आणि न्यूट्रल जोडलेले पाहिले आहेत. तसं असताना न्यूट्रल कुठेतरी तुटला, तर उपकरणाचा धातूचा भाग थेट फेजवर येतो.

वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल सुमारे २३०, फेज-अर्थही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. घरात लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी ठार शून्य दाखवत असेल तर जवळच कुठे दोन्ही जोडलेले नाहीत ना, ते शोधायला सांगा.

अर्थिंग चांगलं असलं तर आरसीसीबी कशाला, असाही प्रश्न येतो. सोसायटीच्या अर्थिंगचा अवरोध पाच ओहम आहे असं धरू. सीटमध्ये फेज धातूला टेकला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. सी प्रकारच्या १६ अँपिअर एमसीबीला झटक्यात पडायला किमान ८० लागतात. ४६ ला तो कित्येक सेकंद घेऊ शकतो, आणि तेवढा वेळ तो धातू जिवंत राहतो. उलट, आरसीसीबी आहे पण अर्थिंग नाही, अशा घरात बिघाड शांत पडून राहतो आणि पहिला माणूस हात लावतो तेव्हाच आरसीसीबी पडतो. म्हणून दोन्ही हवेत.

जागा ठरवणं

आपली बाथरूम म्हणजे ओली खोली. बादली, मग, शॉवर, जेट स्प्रे, आणि आठवड्यातून एकदा नळी लावून सगळं धुणं. परदेशातल्या कोरड्या बाथरूमची चित्रं पाहून सॉकेटची जागा ठरवू नका.

वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकात बाथरूमचे भाग पाडलेले आहेत. टब किंवा ट्रे नसलेल्या शॉवरपासून १.२ मीटरच्या आत, जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंत सॉकेट नको. टब असेल तर त्याच्या कडेपासून ६० सेंटिमीटरपर्यंत नको. ही कमीत कमी मर्यादा समजा. जेवढं लांब नेता येईल तेवढं न्या.

ज्यांच्याकडे संडास आणि न्हाणीघर वेगळं आहे, त्यांचं काम सोपं. संडासात शॉवर नसतो, फक्त जेट स्प्रेचा विचार करावा लागतो. मुंबईतल्या चार फूट बाय सात फुटांच्या एकत्र बाथरूममध्ये, जिथे कमोडला खेटूनच शॉवर आहे, तिथे मी स्पष्ट सांगेन: विजेची सीट लावू नका. पाण्याच्या दाबावर चालणारी, वीज न लागणारी बिडे सीट मिळते. पाणी कोमट येत नाही, वारा येत नाही, पण खांदा धरलेल्या माणसाची मुख्य अडचण तिने सुटते.

जागा असेल तर जेट स्प्रे ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूची भिंत घ्या. अँगल कॉकच्या, म्हणजे भिंतीतल्या छोट्या नळाच्या, वर किंवा खाली सॉकेट नको, कारण वॉशर गेला की पिचकारी तिथेच उडते. कमोडच्या टाकीच्या मागेही नको, प्लग काढायला हात पोचला पाहिजे. आमच्याकडे सॉकेट जमिनीपासून पाऊण मीटरवर आहे. वायर सॉकेटमधून आधी खाली झोळ घेऊन उतरते आणि मग वर सीटकडे जाते. त्यामुळे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं, सॉकेटमध्ये किंवा सीटमध्ये जात नाही.

सॉकेटला झाकण हवं, आणि ते प्लग आत असतानाही पूर्ण बंद झालं पाहिजे. दुकानात नुसतं झाकण उघडबंद करून पाहू नका, १६ अँपिअरचा प्लग सोबत न्या आणि लावून पाहा. बरीच झाकणं मोठ्या प्लगवर बसतच नाहीत आणि मग कायमची उघडी राहतात. आयपी ४४ म्हणजे शिंतोड्यांपासून बचाव, आयपी ५५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून. नळीने बाथरूम धुणाऱ्या घरात ५५ घ्या.

सीटचा स्विच मात्र बाथरूमच्या बाहेर, गिझरच्या स्विचशेजारी. तो डीपी स्विच असावा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, आणि त्याला लाल दिवा असावा.

लाईन कुठून, कशी

गिझरवरून का नाही? ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर घेतो. त्यात सीटचे सहा मिळवले की एकोणीस. १६ अँपिअरचा एमसीबी १९ ला लगेच पडत नाही, तासन्‌तास धरून राहू शकतो. तोवर भिंतीतली वायर आणि सॉकेटच्या पिना तापत राहतात. म्हणून डीबीपासून स्वतंत्र लाईन: अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची, आयएसआय खूण असलेली एफआर (सहज पेट न घेणारी) वायर, तिन्ही तारा नव्या. फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. अमेरिकेत राहिलेल्या नातेवाइकाचा सल्ला इथे घेऊ नका, तिथे काळी वायर म्हणजे फेज.

न्यूट्रलबद्दल वायरमनला आधीच बजावा. तो त्याच आरसीबीओमधून आला पाहिजे. वेळ वाचवायला जवळच्या बोर्डातून न्यूट्रल उचलला तर गेलेला आणि आलेला प्रवाह कधीच जुळणार नाही, सीट चालू केली की आरसीबीओ पडेल, आणि दोष मात्र आरसीबीओला दिला जाईल. इन्व्हर्टरच्या लाईनवरही सीट नको. हीटर बॅटरी खातो आणि न्यूट्रलचा गोंधळ वाढतो.

पाइप वरून आणा. माळ्यावरून किंवा फॉल्स सीलिंगमधून यायचं आणि भिंतीत सरळ उभी झिरी मारून खाली उतरायचं. तिरकी झिरी नको, उद्या कुणी आरसा लावायला ड्रिल मारेल तेव्हा वायर कुठे आहे याचा अंदाज यायला हवा. बाथरूमची फरशी आणि भिंतीचा तळचा फूटभर भाग तोडू देऊ नका, तिथे वॉटरप्रूफिंग असतं आणि ते फुटलं की खालच्या मजल्यावर ओल उतरते. त्याहून चांगलं म्हणजे पलीकडच्या बेडरूममधून झिरी मारायची आणि फक्त सॉकेटच्या बॉक्सपुरती बाथरूमची टाइल कापायची. आम्ही तेच केलं. कॉलम आणि बीमला छिन्नी लावायची नाही. पाण्याचे पाइप भिंतीत कुठून गेले आहेत याचे बांधकामाच्या वेळचे फोटो असतील तर ते शोधून काढा. आमच्याकडे होते, नाहीतर शॉवरचा पाइप नक्की फुटला असता.

पट्टी म्हणजे केसिंग-कॅपिंग बाथरूममध्ये वापरू नका. तिच्यात पाणी शिरतं आणि साचून राहतं.

कामाचा दिवस

मेन बंद. इन्व्हर्टरही बंद, कारण मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टरच्या लाईनमध्ये २३० व्होल्ट असतात आणि या एका गोष्टीने अनुभवी माणसांनाही शॉक बसलेले आहेत. डीबीवर 'काम चालू आहे' असा कागद चिकटवा आणि घरात सगळ्यांना सांगा. लाईन गेली आहे की नाही हे पाहायला निऑन टेस्टरवर विसंबू नका. मल्टिमीटर आधी चालू पॉइंटवर लावून पाहायचा, मग कामाच्या ठिकाणी, मग पुन्हा चालू पॉइंटवर. असं केलं तरच मीटर स्वतः बिघडलेला नाही याची खात्री होते.

वायर ओढून झाल्यावर, सीट जोडण्याआधी, मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावायला सांगा. ५०० व्होल्टला तारांमधला आणि तार-अर्थमधला इन्सुलेशन अवरोध किमान एक मेगओहम हवा. नव्या वायरला तो त्याच्या कितीतरी पट यायला हवा. काठावर आला तर वायर ओढताना कुठेतरी सोलली आहे. टाइल लावण्याआधीच हे कळलेलं बरं.

बॉक्सच्या कडा सिलिकॉनने भरा. खालची कड मात्र थोडी मोकळी ठेवा, आत दमटपणा शिरलाच तर त्याला बाहेर पडायला वाट हवी.

पैसे देण्याआधी

सॉकेटकडे तोंड करून, मोठं अर्थचं भोक वर असताना, फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे असायला हवा. मीटर लावून दाखवायला सांगा. मग आरसीबीओचं टेस्ट बटण दाबा, तो पडला पाहिजे. पण टेस्ट बटण फक्त त्याची आतली यंत्रणा तपासतं, अर्थिंग नाही. म्हणून सॉकेटमध्ये लावायचा आरसीडी टेस्टर ज्याच्याकडे आहे असाच वायरमन शोधा. तो फेज आणि अर्थमध्ये ३० मिलिअँपिअर सोडून किती वेळात लाईन पडली ते मिलिसेकंदांत दाखवतो. आमच्याकडे आलेल्या दुसऱ्या वायरमनकडे हा टेस्टर होता, आणि त्याला काम देण्याचं माझं मुख्य कारण तेच होतं.

शेवटी सीट जोडून हीटर अर्धा तास पूर्ण चालवा, मग बाहेरचा स्विच बंद करून कोरड्या हाताने प्लग चाचपा. किंचित कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर जोड ढिला आहे किंवा सॉकेट हलकं आहे.

नंतर

आरसीबीओ पडला तर लगेच पुन्हा वर करू नका. सीटचा प्लग काढा, मग वर करा. राहिला तर दोष सीटमध्ये, नाही राहिला तर वायरिंगमध्ये. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. आमच्याकडे आई ते एक तारखेला दाबते, गॅस सिलिंडरच्या वहीतच तारीख लिहिते.

बाथरूम धुण्याआधी बाहेरचा लाल दिवा विझलेला हवा. हे धुणाऱ्या मावशींना मी स्वतः दाखवून ठेवलं आहे, स्विचवर चिठ्ठीही लावली आहे, आणि बदली मावशी आल्या की त्यांना पहिल्याच दिवशी पुन्हा दाखवतो.